ईप्रॉम पुसण्याची पेटी घरी बनवण्यापूर्वी
२७सी२५६ सारख्या ईप्रॉम चिप (अतिनील किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिप) पुसण्याची पेटी स्वतः बनवण्याचा तुमचा विचार मला आवडला. मात्र ज्या २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे चिपमधला, माहिती साठवणारा विद्युतभार निघून जातो, तेच किरण डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा आणि त्वचा भाजतात, हे आधी पक्के ध्यानात घ्या. या इजेचा सर्वांत फसवा भाग असा, की त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते आणि पाणी थांबत नाही. हे किरण देणाऱ्या दिव्याच्या नळीचा फिकट निळा उजेड सौम्य वाटतो, पण घातक किरण दिसतच नाहीत, म्हणून त्या उजेडावरून धोक्याचा अंदाज बांधू नका.

पेटी पूर्ण अपारदर्शक असावी, आणि झाकण उघडताच दिव्याचा वीजपुरवठा तुटेल असा मायक्रोस्विच त्यात अवश्य बसवावा. झाकण उघडायचे नाही, असे स्वतःला बजावणे पुरेसे नाही, कारण घरात मुले असतात आणि आपणही कधी घाईत असतो. पेटी धातूची असल्यास तिला अर्थिंग द्या. टायमरही लावा: नळीपासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर बहुतेक चिप १५ ते २० मिनिटांत पुसल्या जातात. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आणू नका; त्याच्या ३६५ नॅनोमीटरच्या किरणांनी हे काम होत नाही. नळीत पारा असतो, त्यामुळे ती फुटल्यास खिडक्या उघडा आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचला.