ड्रॉइंगवर सर्व्हिसची सही

पोरी,

कॉम्प्रेसरच्या एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचा, रेट किती ठेवू, हे विचारायला तू दोन पानं लिहिलीस. सर्व्हिसमधून उत्पन्न वाढवायचं टार्गेट गळ्यात मारलंय आणि सेल्स, डिझाइन, परचेस कुणीच दाद देत नाही, हे मात्र शेवटच्या ओळीत उरकलंस. अगं, दुखणं ते आहे! रेट एकटीने काढूच नकोस. ड्रॉइंग पास होतं त्या मीटिंगला सर्व्हिसचा माणूस हवा, आधी ते मिळव.

मी होतो त्या कारखान्यात पत्रा वाचवायला कॅबिनेट लहान केलं. झालं! हवेतलं तेल वेगळं करणारा सेपरेटर बदलायचा तर आधी कूलरचा होज सोडा, मग वरचं पॅनल, मग हात वाकडा करून आतला नट. तासाभराच्या कामाला अर्धा दिवस. त्याच मशीनवर ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून सेल्सने दोन वर्षांची एएमसी फुकट देऊन टाकलेली. बचत परचेसची, ऑर्डर सेल्सची, तोटा आमच्या नावावर. मी तेलकट सेपरेटर मीटिंगच्या टेबलावर ठेवला, तर म्हणे हा माणूस टीममध्ये बसत नाही. माना डोलावणं म्हणजे टीम का? प्रमोशन गेलं, त्याची खंत आहे. तरी आजही ठेवेन.

ब्रिटनमध्ये १९६२ साली ब्रिस्टल सिडलीने वायपर जेट इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासाला ठरावीक दराने द्यायला सुरुवात केली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसने घेतली, पद्धतही चालू ठेवली. बिघाडाचा खर्च बनवणाऱ्याच्याच खिशातून जायला लागला की डिझाइनवाल्यांना आपोआप जाग येते. कॉम्प्रेसर बनवणारी जर्मनीची केझर तर घनमीटरच्या भावाने दाबलेली हवाच विकते.

असा दर सर्व्हिस खातं एकटं कसं काढणार? कुठला पार्ट किती तास टिकेल ते डिझाइन सांगेल, तो किती दिवसांत येईल ते परचेस, गिऱ्हाईक दोन शिफ्ट चालवतं की तीन ते सेल्स. फाउंड्रीशेजारच्या मशीनचा फिल्टर किती लवकर चोंदतो, ते मात्र तुझ्याच पोरांना ठाऊक. म्हणून सांगतो, ड्रॉइंगवर सर्व्हिसची सही हवीच. आणि अकाउंट्सला एका मशीनचं एकच खातं करायला लाव: विक्री, वॉरंटी, एएमसी, स्पेअर्स, सगळं त्यात.

मेलवर मेल पाठवत बसू नकोस. पुढच्या ब्रेकडाउनला डिझाइनच्या एकाला गाडीत घालून साइटवर ने आणि पाना त्याच्या हातात दे. परचेसवाला वेळ नाही म्हणेल, तर त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बस.