सोलापुरात घेतलेलं रक्त फ्रीजरमध्ये गोठवून नंतर पुण्याला पाठवलं, तर त्यातल्या प्रतिकारपेशी संशोधनाला चालतील का?

नाही. अख्खं रक्त तसंच गोठवलं की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. त्यातून डीएनए मिळेल, जिवंत पेशी नाहीत.

जिवंत पेशी हव्या असतील तर आधी हेपरिनच्या (रक्त साकळू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतलं रक्त फायकॉल नावाच्या दाट द्रवावर सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, लिम्फोसाइट-मोनोसाइट या प्रतिकारपेशींचा पांढुरका थर वेगळा काढतात. धुतलेल्या पेशी साधारण 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवणारं रसायन) असलेल्या सीरममध्ये मिसळून मिनिटाला 1 अंश या गतीने उणे 80 पर्यंत थंड करायच्या. डीएमएसओ घातल्यावर रेंगाळू नका, साध्या तापमानाला तो पेशींना मानवत नाही. दुसऱ्या दिवशी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत. खर्च वाचवायला महिनोन्महिने उणे 80 लाच ठेवतात, ते मला पटत नाही. पेशी हळूहळू मरत राहतात. (नायट्रोजन म्हणजे काही परग्रहावरची चीज नव्हे, कृत्रिम रेतनवाल्याच्या कॅनमध्ये तोच असतो.)

ही सोय नसेल तर न गोठवता त्याच दिवशी पुण्याला पाठवा, अंतर जेमतेम 250 किलोमीटर. बर्फात घालू नका; तापमान 18 ते 25 अंश हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून इन्सुलेटेड डबा लागेलच. 24 तासांपुढे गेलं की ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्या पांढुरक्या थरात मिसळतात आणि टी-पेशींचा (लिम्फोसाइटचा एक प्रकार) प्रतिसाद घटतो.