तुम्ही विचारलंत: रॉकेट सुटताना आत बसलेल्यांना नेमकं काय जाणवतं?

प्रश्न: रॉकेट सुटतानाचे व्हिडिओ शंभरदा तरी बघितले असतील, पण कॅमेरा बहुतेक वेळा बाहेरच. आत बसलेल्यांना काय वाटतं? गाडी एकदम पळवली की पाठ सीटला चिकटते, तसंच पण हजारपट का? आणि मग माणूस बेशुद्ध कसा पडत नाही?

हजारपट नाही हो, आपल्याच वजनाच्या साधारण तीन-चारपट. गोंधळ होतो तो रॉकेटच्या ताशी २८,००० किमी वेगाच्या आकड्यामुळे (माझाही व्हायचा). शरीराला वेग कळतच नाही. वेग किती भराभर वाढतोय तेवढं कळतं, आणि तेही वजन म्हणून.

पण त्याच्या आधी वाट बघणं असतं, आणि ते कोणी दाखवत नाही. रशियाच्या सोयूझ यानामध्ये स्वतःच्या पाठीच्या साच्यावरून बनवलेल्या सीटमध्ये, गुडघे छातीशी दुमडून, दोन-अडीच तास उताणं पडून राहायचं. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड ५ मे १९६१ ला जेमतेम पंधरा मिनिटांच्या उड्डाणाला निघाला होता म्हणून लघवीची काही सोयच केलेली नव्हती, आणि रॉकेटवर बसून उशीर होत होत चार तासांच्या वर गेले, शेवटी बिचाऱ्याने सूटमध्येच केली. आता सरळ डायपर घालूनच बसतात. स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगन यानामध्ये तर माणसं आत बसल्यावर मग इंधन भरायला घेतात, उड्डाणाच्या साधारण ३५ मिनिटं आधी, म्हणजे खाली टाक्या भरतायत आणि तुम्ही वर पट्टे आवळून पडलेले.

मग इंजिन पेटतं. अमेरिकेच्या जुन्या स्पेस शटल यानाची मुख्य इंजिनं सुटण्याच्या साडेसहा सेकंद आधी पेटायची, त्या धक्क्याने अख्खं यान एका बाजूला झुकायचं आणि परत सरळ व्हायचं, आणि बरोब्बर सरळ झालं की बाजूचे दोन बूस्टर (जोडीची रॉकेटं) पेटायचे. ते एकदा पेटले की बंद करता येत नाहीत, त्यामुळे तिथून पुढे निघालात म्हणजे निघालात. नंतरची दोन मिनिटं नुसता खडखडाट. बूस्टर गळून पडले की एकदम इतकं शांत व्हायचं की इंजिन बंद पडलं की काय अशी शंका यावी. सगळी रॉकेटं अशी नसतात मात्र. अंतराळवीर डग हर्ली आणि बॉब बेनकेन दोघंही शटलमधून जाऊन आलेले, ते २०२० मध्ये ड्रॅगनमधून गेले तर त्यांना वरच्या टप्प्यात (खालचा भाग गळून पडल्यावर) ते शटलपेक्षा जास्त हादरतंय असं जाणवलं.

आता वजनाचं. आपल्याला वाटतं सगळ्यात जोराचा दणका सुटतानाच बसत असेल. उलट आहे. सुरुवातीला रॉकेट इंधनाने गच्च भरलेलं, त्यामुळे ते जडपणे उठतं, चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटला तर नुसता शेजारचा टॉवर ओलांडायलाच दहा सेकंदांहून जास्त लागायचे. जसजसं इंधन जळतं तसं ते हलकं होतं, जोर तेवढाच राहतो, म्हणून दाब वाढतच जातो. शटलमध्ये शेवटी तिप्पट वजन व्हायचं, आणि त्याहून वाढू नये म्हणून इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करायचे. तिप्पट म्हणजे ८० किलोचा माणूस २४० किलोचा. श्वास सोडणं सोपं, घेणं कठीण, छाती वर उचलायलाच ताकद लागते म्हणून पोटाने श्वास घ्यायला शिकवतात. हातही जड होतो आणि पॅनेल तर लांब, म्हणून सोयूझचा कमांडर चक्क एका काठीने बटणं दाबतो!

बेशुद्ध न पडण्याचं कारण म्हणजे ते उताणं पडणं. दाब छातीकडून पाठीकडे जातो, डोक्यातून पायाकडे नाही, त्यामुळे मेंदूतलं रक्त खाली उतरत नाही. लढाऊ विमानाचा पायलट बसलेला असतो, त्याला हा त्रास होतो.

आणि मग साधारण नऊ मिनिटांत सगळं बंद. सोयूझमध्ये समोर दोरीला एक खेळणं टांगलेलं असतं, वर जाताना ती दोरी ताठ असते, इंजिन थांबलं की त्याच क्षणी सैल पडते आणि खेळणं तरंगायला लागतं. माझ्या मते खरा धक्का हाच. छातीवरचं ओझं एकदम गायब, पट्ट्यांखाली शरीर सीटवरून उचललं जातं. आणि गुरुत्वाकर्षण संपलं म्हणून हे होतं असं नाही बरं का, ४०० किमी उंचीवरही ते जवळजवळ ९० टक्के असतं. यान आणि माणूस दोघंही सोबतच पडत असतात म्हणून टेकायला काही उरत नाही.

प्रश्न: भीती वाटत नाही का त्यांना?

वाटत असणारच, पण नाडी बघितली तर गंमत वाटते. अपोलो ११ सुटताना आर्मस्ट्राँगचे ठोके मिनिटाला ११०, कॉलिन्सचे ९९ आणि ऑल्ड्रिनचे ८८. जिना चढून आलं तरी आपले याहून जास्त पडतात. ११ ऑक्टोबर २०१८ ला ओव्हचिनिन आणि हेग या अंतराळवीरांचं सोयूझ दोन मिनिटांतच बिघडलं, कुपी (माणसं बसलेला भाग) रॉकेटपासून सुटी झाली, खाली येताना वजन साडेसहा पटीच्या वर गेलं, तरी रेडिओवर आवाज अगदी शांत. पुढच्या मार्चमध्ये तेच दोघं परत सोयूझमध्ये बसून गेलेसुद्धा.

प्रश्न: वर पोहोचल्यावर लगेच मजा सुरू होते का?

निम्म्याहून जास्त लोकांना आधी मळमळतं. कानातला तोल सांभाळणारा भाग गोंधळतो, आपण उलटे टांगलोय असं वाटतं, रक्त डोक्याकडे सरकून तोंड सुजतं आणि नाक चोंदतं. म्हणून जुने जाणते पहिल्या दिवशी मान सावकाश वळवतात आणि उलटीची पिशवी हाताशी ठेवतात.