पल्सरचं वेड आणि अकरावीचं गणित

प्रश्न: मुलगी दहावी झाली. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) पाहून आली, तेव्हापासून ‘मला पल्सरवर काम करायचंय’ एवढंच चालू आहे. पल्सर म्हणजे काय हेच आम्हाला ठाऊक नाही. घरच्यांचं म्हणणं, अकरावीला गणित सोडून बायो घे आणि ‘नीट’ दे. या पल्सरवर पोट भरतं का? – एक पालक, जुन्नर तालुका

उत्तर: नमस्कार. फॉर्म भरायची घाई असेल म्हणून आधी तेच सांगतो. गणित सोडू देऊ नका. झेपत असेल तर फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर गणित आणि बायो दोन्ही घेऊ दे, म्हणजे ‘नीट’चा रस्ताही उघडा राहील. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगची आणि भौतिकशास्त्राची बहुतेक दारं बंद होतात.

आता पल्सर. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि बाहेरचा भाग स्फोटात उधळला जातो. मागे बहुतेक वेळा न्यूट्रॉन तारा उरतो: व्यास जेमतेम 20 किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याच्या साधारण दीडपट. एवढा आक्रसल्यामुळे तो प्रचंड वेगाने फिरतो. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचे झोत निघतात आणि दीपगृहाच्या दिव्यासारखे अवकाशात फिरतात. असा झोत पृथ्वीवरून जात असेल तर प्रत्येक फेरीला आपल्याला एक ठोका मिळतो. तो पल्सर. 1054 साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला खेकडा तेजोमेघातला पल्सर सेकंदाला सुमारे 30 फेऱ्या मारतो.

पहिला पल्सर 1967 मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. त्याआधी तिने दोन वर्षं त्या दुर्बिणीसाठी खांब ठोकले, तारा ओढल्या. मग रोज तीसेक मीटर कागदावर उमटणारा आलेख ती डोळ्यांनी तपासत बसायची. त्यात एक बारीकशी खरखर होती, ती तिने सोडून दिली नाही. ठोके दर 1.33 सेकंदांनी येत होते. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं आणि तिला वगळलं. मला ते आजही खटकतं. पण मुलीला ही गोष्ट जरूर सांगा, कारण या क्षेत्रातलं रोजचं काम अजूनही असंच चिकाटीचं आहे.

खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांकडून येणाऱ्या संकेतात विजेच्या तारांचा आणि मोबाईलचा गोंगाट मिसळलेला असतो, तो गाळायचा. आकाशातल्या ताऱ्यांमधल्या जागेत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ठोक्याच्या कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोचतात, तो उशीर मोजून वजा करायचा. आणि हे वर्षानुवर्षं करायचं. 2023 मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाने पल्सरच्या ठोक्यांतल्या बारीक फरकांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे (अवकाशालाच ताणणाऱ्या-आवळणाऱ्या तरंगांचे) पुरावे मांडले, त्यात खोडदची निरीक्षणं होती.

पोटाचं खरं सांगायचं तर कायम संशोधकाच्या जागा मोजक्या असतात आणि तिथवर पोचेपर्यंत वयाची तिशी उलटते. मधल्या काळात अगदीच उपाशी राहावं लागत नाही: पीएचडीच्या सुरुवातीला जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलो) फेलोशिप 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, वर घरभाडं. संशोधनात नाही जमलं तरी सिग्नल प्रोसेसिंग (म्हणजे गोंगाटातून संकेत वेगळा काढणं), प्रोग्रॅमिंग, डेटाचं काम येणाऱ्याला बाहेर विचारतात. म्हणून मला हा जुगार वाटत नाही. लांबचा रस्ता आहे, एवढंच.

बारावीनंतर आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था आहेत; आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट या प्रवेश परीक्षा. नाहीतर चांगल्या कॉलेजात फिजिक्समध्ये बीएस्सी. घरच्यांना इंजिनिअरिंगच हवं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स घ्या, कॉम्प्युटरच्या मागे सगळे धावतात म्हणून धावू नका. दुर्बिणीचे रिसीव्हर इलेक्ट्रॉनिक्सवालेच बनवतात, आणि पुढे खगोलशास्त्राकडे वळलेले इंजिनिअर कमी नाहीत.

तोवर सुट्टीत तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या, फुकट शिकता येतं. पुढच्या विज्ञान दिनाला खोडदला तुम्हीही जा. अँटेना सगळेच बघतात; तुम्ही तिथल्या इंजिनिअरना गाठून त्यांचं शिक्षण काय झालं आणि दिवसभर काय काम असतं ते विचारा.