आजीवर बोलण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं चार पानी टिपण वाचलं. रविवारी आजीच्या स्मरणार्थ उपासनेत हेच वाचणार म्हणतेस, तर पहिलं वाक्य आधी खोड. 'माझी आजी अत्यंत श्रद्धाळू व प्रार्थनाशील होती.' खोटं नाही ते. पण त्या चर्चमधल्या प्रत्येक म्हातारीबद्दल पाळकांनी हेच सांगितलंय.

तिचं बायबल आण आणि मांडीवर घेऊन बस. तेविसावं स्तोत्र बाजूला ठेव, ते सगळ्यांचंच असतं. पुस्तक आपोआप कुठे उघडतं ते बघ.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. घरोघरी फिरून बायबल शिकवणाऱ्या मिशनच्या बायबल-बाईनं तिला वाचायला शिकवलं, लिहायला नाही. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक बोट ठेवून वाचायची, सहीला मात्र अंगठा. त्यामुळे तिच्या बायबलात पेन्सिलीची एक रेघ नाही. आहेत ते हळदीचे, तेलाचे डाग. ती गेल्यावर मी पानं चाळली, तर सर्वांत मळकं निघालं रूथचं पुस्तक. जेमतेम चार अध्याय, सासूची पाठ न सोडणाऱ्या सुनेचे. आणि आमच्या घरात सासूसुनांचं हाडवैर! आईला विचारलं तर ती हसली. "मलाच वाचायला लावायच्या. मी पळून जाऊ नये म्हणून." मग थोड्या वेळानं म्हणाली, "टायफॉइड झाला तेव्हा मात्र स्वतः उशाशी बसून वाचलं." मला ही दोन्ही वाक्यं हवीत. त्यातलं एकच सांगितलंस तर आजी हरवते.

तुझ्या आजीचा हट्टीपणा तू गाळलास, तो परत घाल. नाताळच्या करंज्या मोजून द्यायची, हेही.

आणखी एक ओळ तू टाळलीस, घराणं ख्रिस्ती कसं झालं ती. लाजू नकोस. अमेरिकन मिशनरी नगरात 1831 साली आले. पुढे खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरचे. 1899-1900च्या दुष्काळात पोरकी झालेली कितीतरी मुलं मिशनच्या आश्रमांत वाढली. "पोटासाठी बाटले" हे आम्ही शाळेत ऐकलंय. मी रडत घरी आलो तेव्हा आजी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पोट काय देवानं दिलं नाही व्हय?" मग परातीतलं पीठ झाडलं आणि पुढची भाकरी घेतली. तुमच्या घरचं खरं काय ते मात्र चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत बघ. थोरल्या काकांच्या गोष्टीवर भिस्त ठेवू नकोस. ते दर नाताळला साल बदलतात.

गाणं निवडशील तेव्हा एक ध्यानात ठेव. नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, हे हल्ली सांगावं लागतं) 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांत आणली. म्हणूनच आपल्या आज्या जात्यावर ओवी म्हणाव्या तशी 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकातली गीतं म्हणायच्या. पेटीवाल्याला सांग, तुझ्या आजीची ठाय चाल धर. चर्चमध्ये हल्ली सगळं पळवतात.

पाळकांनी पाच मिनिटं दिलीत ना? मग तीन मिनिटांत आटप. मूठ-धान्याच्या डब्याचं नक्की सांग. रोज चुलीआधी पहिली मूठ देवाची, आणि एकदा घरात ज्वारी संपली तेव्हा तिनं त्याच डब्यातली उसनी घेतली, मग फेडताना दोन मुठी जास्त टाकल्या. हे तू मला फोनवर सांगितलंस आणि लिहिताना विसरलीस!

नवं टिपण गुरुवारपर्यंत पाठव. आणि बायबलला नवं कव्हर घालू नकोस.

तुझे
सर