मामांच्या ट्रंकेतली काडतुसं आणि ‘गोळी किती आत बसवू?’

प्रश्न : मी कोल्हापूरचा, हौशी नेमबाज. माझ्याकडे .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. मामा नुकतेच वारले. त्यांच्याकडेही परवाना होता. त्यांच्या ट्रंकेत काडतुसं भरायचा हातप्रेस, डाय (साचे), रिकाम्या पुंगळ्या, शिशाच्या गोळ्या, टोप्या (ठोका बसताच पेटून दारू उडवणाऱ्या), अर्धा डबा बंदुकीची दारू आणि त्यांनी भरलेली काही काडतुसं निघाली. त्यातली काही लांब पडतात, सिलिंडर फिरत नाही. गोळी बसवायच्या डायचा दांडा उद्यमनगरातून नवा करून घ्यावा म्हणतो. गोळी नेमकी किती आत बसवायची? विकायचं काही नाही, सरावापुरतं करायचं आहे. एका मित्राला थोडी देईन. कायद्याची अडचण येईल का?

उत्तर : येईल. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मोठी.

‘विकायचं नाही’ यावर तुमची सगळी भिस्त दिसते. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ५ काढून पाहा. तिथं दारूगोळा तयार करणं, विकणं, दुसऱ्याला देणं हे शब्द सुटे सुटे आहेत. विक्री नाही म्हणून तयार करणं माफ होत नाही. तुमचा परवाना कलम ३ खालचा, म्हणजे बाळगण्याचा. रिकाम्या पुंगळीत टोपी, दारू आणि गोळी बसवून जिवंत काडतूस केलंत, की माझ्या मते तुम्ही कलम ५ च्या हद्दीत आलात. मित्राला चार दिलीत, तर तेही त्याच कलमात.

शिक्षेचं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा तयार करण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्याआधी ही शिक्षा तीन ते सात वर्षं होती. नेमबाजीच्या रेंजवरची जुनी मंडळी अजून तेच आकडे सांगतात, त्यावर जाऊ नका. शिवाय कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते (कलम ३९). ती चाळणी कलम ५ ला नाही.

आता प्रेस. तो नुसतं लोखंड आहे असं समजू नका. कलम २ मधल्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि काडतूस तयार करण्याची यंत्रसामग्री, दोन्ही ‘दारूगोळा’च धरले आहेत. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. कपाटात शोभेला ठेवलेल्या दोन पुंगळ्यांसाठी मी हा मुद्दा कोर्टात हिरिरीने मांडीन. प्रेस, दारू, टोप्या आणि गोळ्या एकाच ट्रंकेत असताना तो मांडताना माझाच आवाज खाली येईल. म्हणून दांड्याचा नाद सोडा. उद्यमनगरात सकाळी नमुना दिला की संध्याकाळी लेथवरून भाग उतरतो, याचा मलाही अभिमान आहे. पण तो टर्नर बिचारा काय करतोय हे त्याला ठाऊक नसेल, आणि पहिला जबाब त्याचाच होईल.

गोळीच्या खोलीचं माप मी देणार नाही. तो प्रश्न कायद्याला कुठे भिडतो, तेवढं सांगतो. गोळी जितकी आत, तितकी पुंगळीत दारूला जागा कमी, आणि बार उडताना दाब जास्त. .३२ सारख्या छोट्या पुंगळीत मिलिमीटरच्या अंशानेही फरक पडतो. निशाणेबाजीची सपाट तोंडाची गोळी तर जवळजवळ पूर्ण आत जाते. तिचं माप गोल तोंडाच्या गोळीला चालत नाही. म्हणून ठरावीक गोळी, ठरावीक दारू आणि काडतुसाची एकूण लांबी यांचे तक्ते छापलेले असतात. मामांनी कुठली दारू किती घातली, हे तुम्हाला माहीत नाही. लांब पडलेलं काडतूस दाबून आत बसवणं म्हणजे न वाचलेल्या चिठ्ठीवर सही करणं. सिलिंडर फुटून शेजारच्या नेमबाजाला इजा झाली, तर शस्त्र अधिनियमाच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ येईल. कुणी दगावलं तर कलम १०६. रेंजवर विचारूनही फारसा उपयोग नाही. नेमबाज राही सरनोबत काय, स्वप्निल कुसाळे काय, आपल्या जिल्ह्याचं नाव झालं ते .२२ च्या काडतुसांवर, आणि त्या काडतुसात टोपी वेगळी नसतेच. घरी भरायचा प्रश्नच येत नाही.

ट्रंकेचं मात्र आजच बघा. गुणवंतलाल खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. ट्रंक बंद होती तोवर हा बचाव तुमचा होता. ती उघडून तुम्ही मला यादी पाठवलीत, तिथं तो संपला. तुमचा .३२ चा परवाना आहे खरा, पण या काडतुसांची खरेदी तुमच्या परवान्यावर कुठेच चढलेली नाही. नूतनीकरणाच्या वेळी साठा आणि नोंदी जुळल्या नाहीत, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

कलम २१ प्रमाणे अशी वस्तू विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. आधी हात न लावता फोटो काढा, यादी करा. मग ठाण्याला लेखी अर्ज द्या : मामांचा मृत्यू दाखला, त्यांच्या परवान्याची प्रत, ट्रंक कधी उघडली ती तारीख. दारू आणि टोप्या स्कूटरच्या डिकीतून नेऊ नका. त्यांना स्फोटक अधिनियम, १८८४ ही लागू आहे, पोलिसांनाच घरी येऊन पंचनामा करू द्या. रात्री पंचगंगेत सोडून देण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तसं केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येईल. मामांचं रिव्हॉल्व्हर कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते घरात असेल, तर त्याच अर्जात घाला.

हाताने काडतुसं भरायची हौस खरीच असेल, तर नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करा. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना प्राधिकारी जिल्हा दंडाधिकारीच. तोंडी ‘चालतंय की’ ऐकून परत येऊ नका. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत घ्या. लेखी होकार हातात येईपर्यंत दुकानातून बिलावर घेतलेली काडतुसंच वापरा, आणि मित्रालाही त्याच्या परवान्यावर त्याची तो घेऊ दे.