सांध्यांचा आजार आणि डोळ्यांतील खुपणे

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून वजन ५८ किलो आहे. नऊ वर्षांपासून मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि सहा वर्षांपासून मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज ४०० मिलिग्रॅम घेते. अलीकडे डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. मागच्या महिन्यात डावा डोळा लाल होऊन रात्रभर ठणकत होता. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी तो बरा झाला. याचा माझ्या आजाराशी काही संबंध असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुमच्या तीन गोष्टींचा विचार वेगवेगळा करायला हवा.

खुपण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तशीच ती काही जणांत अश्रुग्रंथींवरही उलटते. पापणीच्या कडेला पाच मिनिटे कागदी पट्टी ठेवून ती किती भिजते हे पाहिले की अश्रूंचे प्रमाण कळते. तोंडही कोरडे पडत असेल, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मला खरी काळजी वाटते ती त्या रात्रीच्या ठणक्याची. कोरडेपणाने डोळा चुरचुरतो. पण झोपेतून उठवणारी, भुवईकडे किंवा जबड्याकडे पसरणारी खोल वेदना असेल, तर ती डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाची सूज, म्हणजे स्क्लेरायटिस असू शकते. ती उपचाराविना राहिली, तर आवरण पातळ होऊन दृष्टीला धोका पोहोचतो. बुबुळाची कडाही झिजू शकते. दीर्घकाळच्या आजारात क्वचित ही झीज दुखण्याविनाच होते, त्यामुळे दुखणे थांबले म्हणून निश्चिंत होऊ नये. दुकानातील थेंबांत स्टिरॉइड असल्यास लाली उतरते, मूळ सूज मात्र झाकली जाते, आणि असे थेंब वारंवार वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका वाढतो. पुन्हा असे झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

तिसरी गोष्ट गोळीची. हे औषध उपयुक्त आहे, परंतु दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांत डोळ्याच्या पडद्याला इजा होते. ती सुरुवातीला जाणवत नाही आणि झालेली भरूनही येत नाही. प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा नसावी, असे मानले जाते. तुमच्या वजनाला ती २९० मिलिग्रॅम होते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास धोका आणखी वाढतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण सांध्यांची सूज पुन्हा उसळू शकते. मात्रेविषयी संधिवाततज्ज्ञांशी याच आठवड्यात बोला. औषधाला पाच वर्षे उलटली असल्याने पडद्याचे ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांची प्रकाशाने घेतलेली प्रतिमा) व दृष्टिक्षेत्राची तपासणी आता दरवर्षी व्हायला हवी.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना त्या थेंबांची बाटली आणि सर्व औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या.